सगळ्या चिठ्ठ्या मोजायला हरकत कसली?

शिवारकर: मारकडवाडी आठवते ना? माळशिरस मतदारसंघ, सोलापूर जिल्हा. २०२४ च्या विधानसभेला आपल्या बूथांवरचे आकडे गावकऱ्यांना पटेनात, म्हणून त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालंच नाही, वर गुन्हे दाखल झाले. यंत्रात खोट होती असं मी म्हणत नाही. पण शंका आलेल्या माणसाला मोजून दाखवायचं सोडून पोलीस दाखवले, हे मला डाचतं. व्हीव्हीपॅट, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेला छापयंत्राचा डबा, त्यात आपण कुणाला मत दिलं याची चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि खाली पडते. पुढे एका विधानसभा मतदारसंघात ५ च बूथांच्या चिठ्ठ्या मोजतात. मग बाकीच्या छापता कशाला? जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली, कारण सामान्य नागरिकाला मोजणी स्वतः पडताळता येत नव्हती.

खडूफळा: मी शिक्षक, केंद्राध्यक्षाची ड्युटी केलेला. मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल असतो. किमान ५० मतं टाकून, चिठ्ठ्यांशी जुळवून, यंत्र क्लिअर करून सील करतो, सगळं पोलिंग एजंटांसमोर. संध्याकाळी १७सी नमुन्यावर एकूण मतं लिहून त्यांना प्रत देतो. ज्यांना शंका आहे त्यांचे एजंट पहाटे हजर का नसतात? शिवाय यंत्र मिनिटाला ४ च्या वर मतं घेत नाही. मतपत्रिकांच्या काळात बूथ बळकावला की गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत जायचे. आणि १००% चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५% यंत्रं तपासून घ्यायची मुभाही दिली.

शिवारकर: उमेदवाराला मुभा, तीही आधी खर्च भरून. मत माझं होतं, मला काय मिळालं?

वस्तीवरची: तुम्ही दोघंही यंत्रातच अडकलात. आमच्या वस्तीला एकच बूथ. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना ठाऊक असतं की वस्तीने कुणाला किती दिली. मग टँकर आधी कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी बायका म्हणतात, "कशाला जायचं? कळतंच त्यांना." मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी निरनिराळ्या बूथांच्या मिसळता यायच्या. यंत्रांसाठी तीच सोय म्हणजे टोटलायझर, १४ बूथांची बेरीज एकत्र दाखवणारा. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये प्रस्ताव दिला होता, केंद्र सरकारने तो मानला नाही.

खडूफळा: मग मारकडवाडीला आपले आकडे कळलेच नसते. शंका घ्यायची तरी कशावर?

वस्तीवरची: बूथाचा हिशेब न्यायालयात याचिका गेली की उघडा, तिथे पाहिजे तेवढा तपासा. गावाच्या फलकावर लावू नका. शिवारकर, तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजायलाही माझी ना नाही, फक्त १४ बूथांच्या एकत्र करून मोजा.