अनुभव धागा: ‘आमच्याकडे सगळे सारखेच’

मार्चमध्ये महिला दिन आला की ऑफिसात गुलाबाची फुलं वाटतात, फुगे लागतात, कुणीतरी वरून येऊन स्लाइड दाखवतं. त्यावर बोलून बोलून चोथा झालाय. मला इथे दुसरंच हवंय. तुमच्या कामाच्या जागी संडास, खुर्ची, मीटिंगची वेळ, ड्यूटीचा तक्ता, फाइलचा फॉन्ट यातलं काय बदललं म्हणून एखाद्याला तिथे टिकता आलं? कोणी बदललं आणि कशाच्या जोरावर? की काहीच बदललं नाही आणि माणूसच निघून गेला? कंपनीचं किंवा माणसाचं नाव नको. कायदा माहीत असेल तर जरूर सांगा, पण नुसती कलमं फेकून मारू नका.

लेथवाली

संडास पहिला लिहिलात, बरं केलंत. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. मशीनशॉपवर घेतलेल्या पहिल्या डिप्लोमावाल्या पोरी आम्ही. पुरुषांचं स्वच्छतागृह लाइनच्या टोकाला आणि आमचं पार ऑफिसच्या इमारतीत. रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, आणि तो एकटा चार-पाच स्टेशनांना पुरायचा. मग काय, पाणीच प्यायचं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली.

सुपरवायझर वाईट नव्हता हो. ‘पोरींनो, काही लागलं तर सांगा’ म्हणायचा. पण हे त्याला सांगणार कोण? शेवटी मेडिकल रूममधल्या सिस्टरांनी सेफ्टी ऑफिसरपुढे वही उघडून धरली. लघवीला जळजळ, ताप, लघवीला जळजळ. नावं सगळी आमचीच. कारखाने अधिनियम १९४८चा. कामावर असेपर्यंत केव्हाही जाता येईल अशा सोयीच्या जागी संडास-मुतारी हवी आणि बायकांची वेगळी हवी, हे त्यात तेव्हापासून होतं. म्हणजे आम्ही काही नवीन मागत नव्हतो.

शॉपमध्ये स्वच्छतागृह झालं आणि पुढची गंमत सुरू झाली. दाराला कुलूप, चावी सिक्युरिटीकडे, आणि रजिस्टरमध्ये नाव, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सही. का, तर ‘गैरवापर होतो’. पुरुषांच्या दाराला साधी कडीसुद्धा धड नव्हती! युनियनने दोनदा विषय काढला, दोनदा ‘बघू’. मग ग्राहक कंपनीचं ऑडिट आलं. ऑडिटर बाई होत्या. त्यांनी चावी मागितली तेव्हा गार्ड जेवायला गेलेला. त्या तिथेच उभ्या राहिल्या, प्लांट हेडही त्यांच्याबरोबर उभे. संध्याकाळपर्यंत कुलूप निघालं.

कानावर_भिस्त

मी दृष्टिहीन, सरकारी बँकेत कारकून. १९९५च्या दिव्यांगांच्या कायद्यात सगळ्या दिव्यांगांसाठी मिळून ३ टक्के जागा होत्या, २०१६च्या कायद्याने ४ टक्के झाल्या. त्यामुळे नोकरी मिळाली. काम मिळायला मात्र बराच वेळ गेला. ‘तुम्ही बसा निवांत, पगार कुठे जातोय?’ असं साहेब अगदी मनापासून म्हणाले होते. हे प्रेम फार महाग पडतं, ते बढतीच्या यादीत कळतं.

एनव्हीडीए नावाचं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण बाहेरचं काही बँकेच्या संगणकावर टाकायचं नाही, म्हणून वरच्या ऑफिसची परवानगी. ती आली, तर पुढची अडचण मराठीची. परिपत्रकं श्रीलिपी नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. डोळसांना पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, माझ्या कानात इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांची खिचडी. उरलेली पत्रं कागदाचा फोटो काढून पीडीएफ केलेली, त्यावर सॉफ्टवेअर नुसतं गप्प.

वरून आदेश वगैरे काही आला नाही. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी स्वतःहून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणूनच कळेल असं, टाइप करायला घेतलं. काही महिन्यांनी शाखेतल्या इतरांच्या ध्यानात आलं की आता जुनं परिपत्रक एक शब्द टाकून शोधता येतं. तेव्हापासून श्रीलिपीत पत्र आलं की माझ्या आधी तेच कुरकुरतात. अडलंय ते ‘चित्रातली अक्षरं ओळखा’पाशी. त्यासाठी अजून कुणाला तरी हाक मारावी लागते.

आडवा_चष्मा

भोचकपणा वाटला तर सोडून द्या, पण सही तपासणं वगैरे कसं करता?

कानावर_भिस्त

करत नाही. मी कर्ज विभागात आहे. थकबाकीदारांना फोन, पत्रव्यवहार, तक्रारी. आवाजावरून कोण खरंच अडचणीत आहे ते मला साहेबांच्या आधी कळतं!

काठपदर

लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात आहे. पूर्वी गाद्यांवर बसून साड्या दाखवायचे. आता काउंटर आले आणि आम्ही उभ्या. सणासुदीला सकाळी दहापासून रात्रीपर्यंत. पायावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्यात. केरळने २०१८ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालं पाहिजे असा कायदा केला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. केरळातल्या दुकानांतल्या बायकांनीच त्यासाठी लढा दिला होता. आमच्याकडे मालकीणबाईंनी स्टुलं आणली, ती त्यांचे स्वतःचे गुडघे गेल्यावर. गिऱ्हाईक समोर असेल तर उठायचं, एवढीच अट. चालतंय.

दुसरा_मजला

हिंजवडी. आमच्या कंपनीत स्त्रियांचा गट आहे, एलजीबीटींचा आहे, दिव्यांगांचा आहे, आणि चांगले चालतात, उगाच नावं ठेवत नाही. पण जातीचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम चहाची तल्लफ येते.

नव्या टीममध्ये गेलं की ठरलेले प्रश्न. पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं? घरी नॉनव्हेज चालतं का? एन्ट्रन्सला रँक किती होती? कुणी काही वाकडं बोलत नाही, हिशेब लागतो फक्त. आणि तो लागला की क्लायंटसमोर बोलायला दुसराच उभा राहतो. कोडमध्ये गडबड निघाली तर इतरांची ‘मिस्टेक’ असते, माझा ‘बेसिकचा प्रॉब्लेम’.

एक प्रसंग. १४ एप्रिलची रजा टाकली, कारणात ‘आंबेडकर जयंती’ लिहिलं. मॅनेजर टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, ‘पर्सनल लिही ना, कशाला उगाच.’ त्याच टीममध्ये गणपतीच्या रजेला लोक पुढे मोदकांची चित्रं टाकतात. मी कारण बदललं नाही. रजा मंजूर झाली, पण त्यानंतर त्याचं माझ्याशी बोलणं कामापुरतं. त्या वर्षीच्या अप्रेझलबद्दल काय लिहू?

पावसाळी_शहर

वरच्याला सिएटलहून पुस्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या नगर परिषदेने भेदभावबंदीच्या कायद्यात जात घातली. असं करणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. कॅलिफोर्नियात विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. सिएटलच्या कायद्यावरून इथल्या मराठी ओळखीपाळखीत जी धुसफूस झाली ती बघून काहीजण पहिल्यांदाच कळले. ऑफिसात फरक एवढाच की प्रशिक्षणात एक स्लाइड वाढली. पण आज कुणी तक्रार केली तर ‘हा प्रकार आमच्या नियमात बसत नाही’ असं म्हणायची सोय राहिली नाही. मला हे लहान वाटत नाही.

एमआयडीसीकर

सगळे नोकरदार बोलताय, मालकाचंही ऐका. साताऱ्यात छोटं युनिट आहे. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ केली. मुलीला हवीच ती. पण त्या काळाचा पगार मी द्यायचा, बदली माणसाचाही मीच, आणि सरकार टाळ्या वाजवणार. ५० माणसं झाली की पाळणाघर. त्यामुळे ४९ वर थांबणारे मला माहीत आहेत. वर मुलाखतीत ‘लग्न झालंय का?’ विचारलं की आम्ही वाईट.

लेथवाली

तुमचं दुखणं खरं आहे, पण अर्धं. युनिट ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, असेल आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल, तर बाळंतपणाचे पैसे ईएसआय देतं, तुमच्या खिशातून जात नाहीत. बोजा पडतो तो त्यावरच्या पगारांचा. त्यासाठी सरकारशी भांडा, मी तुमच्या बाजूने येते. लग्नाचा प्रश्न मात्र विचारू नका.

एमआयडीसीकर

निम्म्या मुली त्यात बसतील. उद्याच अकाउंटंटला विचारतो.

बाबा_नवा

छोटासाच अनुभव. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना बाळ झालं की १५ दिवसांची रजा असते. खाजगीत तसा कायदा नाही, पण आमच्या कंपनीच्या पुस्तकात आठवडाभराची आहे. मागितली तर साहेब म्हणाले, ‘बाळंतपण तुझं की बायकोचं?’ सगळे हसले. घेतली. त्यानंतर आणखी दोघांनी घेतली, त्यातला एक हसणाऱ्यांतलाच.

गल्लीतलं_ऑफिस

मला अनुभव नाही लिहायचा, विचारायचंय. आमच्याकडे मालक धरून सातजण. मालकांचा भाऊ येता-जाता अंगचटीला येतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यातली समिती दहा माणसांपासून पुढे, असं एचआरमधली मैत्रीण म्हणाली. मग आम्ही कुठे जायचं?

धागाकर्ता

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे पत्ता मिळेल. तक्रार लेखी द्या. शेवटचा प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. उशिराचं सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नका. तारखा, वेळा, कोण हजर होतं, ते आजच लिहून काढा आणि मेसेज असतील तर पुसू नका. लिहिताना अडलात तर मला व्यक्तिगत निरोप करा.