आगोटीची भरणी: वर्षाची की गणपतीपुरती?

मागीलदार:
एप्रिल संपत आला, खळ्यात मिरच्या नि आमसुलं पडायला लागली, म्हणून आगोटीचा, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीचा, विषय आत्ताच काढते. बऱ्याच घरांत अजून आगोट म्हणजे वर्षाची भरणी असंच धरतात. दोन-तीन पोती तांदूळ, दहा किलो तूरडाळ, पाच-पाच किलो कुळीथ, वाल, चवळी, वर मसाला. माझं म्हणणं, ही पद्धत आता सोडावी. भरणी गणपती उठेपर्यंतचीच करावी, आणि तीही जिन्नस बघून.

कारण आपली कोकणातली दमट हवा. धान्यात शंभराला बारा-तेरा भाग पाणी असेल तर ते टिकतं. चौदाच्या वर गेलं की बुरशीचं आणि किडीचं फावतं. जुलैत रोज उघडला जाणारा मोठा डबा तिथवर सहज पोचतो. सोंडे (तांदळातले सोंडवाले किडे) बाहेरून येतात असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते दाण्यातूनच निघतात. मादी दाणा पोखरून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. पाच-सहा आठवड्यांनी त्याच दाण्यातून किडा बाहेर पडतो. म्हणून मेच्या मध्याला आणलेल्या स्वच्छ तांदळात जुलै उजाडेपर्यंत सोंडे दिसतात.

यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होते. म्हणजे मेमध्ये भरलेल्या मालाला अडीच आठवडे जास्त काढायचे आहेत, आणि सगळ्यात जास्त माणसं घरात असताना तोच माल ताटात जाणार. सहा माणसांच्या घराला माणशी दिवसाला २०० ग्रॅम धरून महिन्याला ३६ किलो तांदूळ लागतो. पाच दिवसांचे पंधरा चाकरमानी आले तर वर १५ किलो. ते १५ किलो मेपासून घरात कशाला सांभाळायचे? ऑगस्टच्या शेवटी ताजे आणावेत.

मेमध्ये भरायलाच हवं असं माझ्या यादीत थोडंच आहे: आमसुलं, लोणचं, मसाला, सुकी मासळी, पापड-फेण्या. या वस्तूंना ऊन लागतं आणि ते पुन्हा ऑक्टोबरपर्यंत मिळत नाही. बाकी सगळं महिन्याच्या महिन्याला.

कणगी:
मागीलदार ताई, सोंड्यांचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. तुम्ही मोजताय तो सडून टरफल काढलेला तांदूळ. आगोटीत तांदूळ भरायचाच नसतो, भात, म्हणजे टरफलासकट दाणा, भरायचं असतं. टरफलातल्या दाण्यात सोंड्याला सहजी शिरता येत नाही. शेणाने आतबाहेर लिंपलेल्या कणगीत (बांबूच्या मोठ्या टोपलीत), वर पेंढ्याचा जाड थर देऊन ठेवलेलं भात वर्ष काढतं. महिन्याला लागेल तेवढंच गिरणीत न्यायचं. १०० किलो भाताला साधारण ६५ किलो तांदूळ पडतो, म्हणजे तुमच्या ३६ किलोंसाठी ५५-५६ किलो भात. तांदूळ कायम ताजा आणि किडीला वेळच मिळत नाही.

दुसरं, महिन्याच्या महिन्याला आणू म्हणताना वाट आणि बाजार चालू राहील असं गृहीत धरलंय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानातलं धान्य भिजून गेलं. ज्यांच्या उंच जागेवरच्या घरात भरणी होती, त्यांची चूल त्या आठवड्यात पेटली आणि शेजाऱ्यांनाही तिथूनच मिळालं. घाटात दरड आली की मालाच्या गाड्या अडकतात हे दर पावसाळ्यात होतं. कोकणात साठा ही चैन नव्हे.

मागीलदार:
कणगी काका, भाताचं मान्य. पण ज्यांची शेती आहे त्यांनाच ते जमतं. विकतचं भात मेमध्ये सहज मिळत नाही, आणि ब्लॉकमध्ये कणगी ठेवणार कुठे? शिवाय जुलैत सादळलेलं भात गिरणीत नेलं तर निम्म्या कण्या होतात. त्यासाठी उघडीप बघून दोन दिवस पडवीत पसरावं लागतं. आणि त्याच पुराचं दुसरं टोक: तळमजल्यावर वर्षाची भरणी होती त्यांचं वर्षाचं धान्य गेलं, महिन्याची होती त्यांचं महिन्याचं.

कणगी:
तळमजल्यावर भरणी जमिनीलगत ठेवणं ही ठेवण्यातली चूक आहे. ती पोटमाळ्यावर हवी. पेजेसाठी उकडा तांदूळ ठेवून बघा. उकडल्यामुळे दाणा घट्ट होतो, सोंड्याला पोखरायला कठीण जातं. सुरय (न उकडलेला) आधी खराब होतो, उकडा मागाहून. हातसडीचा मात्र महिन्यापेक्षा जास्त ठेवू नये, कोंड्यातलं तेल खवट होतं.

चुलवण:
दोघांचंही ऐकलं. मी भरणीच्या बाजूची आहे, पण एक गोष्ट मेमध्ये कधीच करू नये: मोदकाची पिठी. मेमध्ये दळलेली पिठी सप्टेंबरात वास मारते आणि तिची पारी वळताना कडेला चिरते. पिठी गणपतीच्या आठवडाभर आधीची हवी. तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर वाळवायचा, हाताला ओल लागेनाशी झाली की दळायचा. पावसात वाळत नसेल तर पंख्याखाली दीड दिवस. अर्धवट ओला दळला तर पीठ चाळणीतच गोळा होतं आणि तिसऱ्या दिवशी आंबूस होतं.

माप: एक वाटी पिठीत नऊ-दहा मोदक. वीस माणसांना तीन-तीन म्हणजे साठ, म्हणजे साडेसहा वाट्या पिठी. पाणी वाटीला वाटी, त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी. सारणाला दोन वाट्या खोवलेल्या नारळाला एक वाटी गूळ. साठ मोदकांना बारा वाट्या खोबरं, मध्यम नारळ पाच ते सहा. गूळ सहा वाट्या.

आता नारळ. हा मात्र मेमध्येच मोजून ठेवावा. गणपतीच्या पाच दिवसांत आमटी-भाजीचं वाटण, सोलकढी, मोदक, खिरी, पंचखाद्य मिळून पंचवीस ते तीस नारळ सहज लागतात. न सोललेला, सोडणासकट नारळ महिनोन् महिने राहतो. सोलून शेंडी ठेवलेला दोन-तीन आठवडे. शेंडी काढली की डोळ्यांकडून हवा शिरते आणि चार-पाच दिवसांत डोळ्यापाशी पाणी सुटतं. ढीग ओल्या जमिनीवर घातला तर कोंब येतो, म्हणून खाली फळ्या घालाव्या. हलवून पाणी वाजत नसेल तो आधी फोडावा.

पाणंद:
सगळा वाद फ्रीजरने मिटतो. उणे अठरावर चार दिवस ठेवलं की कडधान्यातली अंडीसुद्धा मरतात. मग हवाबंद डब्यात भरा, वर्ष काढेल. पाच-पाच किलोच्या पिशव्या करून पाळीपाळीने घालता येतात. राख, निंब, एरंडेल याची गरजच नाही. खोवलेला नारळही तसाच ठेवता येतो.

चुलवण:
मारण्यासाठी फ्रीजर उत्तम, हे मान्य. फक्त बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड दाण्यावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि ते तसंच डब्यात गेलं की आठवड्यात बुरशी. सात-आठ तास बंद पिशवीतच घरातल्या हवेला येऊ द्यावं. पण साठवणीसाठी फ्रीजरवर विसंबू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यात खोवलेला नारळ आणि मासळी पहिल्या दोन दिवसांत गेली असणार. बरणीतलं लोणचं आणि डब्यातलं आमसूल यांना विजेची गरज लागत नाही.

मागीलदार:
कडधान्याचं माझं मत सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो. भुंगा गुळगुळीत अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो: चवळी, मूग, वाल, कुळीथ. महिनाभरात पुढची पिढी तयार. डाळीत हा त्रास पुष्कळ कमी, म्हणून तूरडाळ तीन-चार महिन्यांची भरली तर हरकत नाही. किलोला एक चहाचा चमचा एरंडेल, दोन्ही हातांनी चोळून, दिवसभर पसरून मग डब्यात. शिजवताना कोमट पाण्याने दोनदा धुवावी. अख्खं कडधान्य मात्र दीड-दोन किलोच्या वर घेऊ नये.

आणि कृपा करून बोरिक पावडर तांदळात कालवू नका. ती सगळी धुऊन जाते असं नाही, आणि ती पोटात जायची वस्तू नाही. धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या तर राहत्या घरात आणायच्याच नाहीत. ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत माणसं दगावतात.

कणगी:
शेवटच्या दोन्ही गोष्टींवर शंभर टक्के तुमच्यासोबत.

कडधान्यावर नाही. कुळीथ नि वाल घरचे असतात, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात आणि ठेवावेच लागतात. काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून तीन कडक उन्हं द्यावीत, दर तासाने हात फिरवावा. मग चाळलेल्या लाकडाच्या राखेत कालवून मडक्यात, वर तीन बोटं नुसती राख. भुंग्याला हलायला जागा राहत नाही आणि राख ओल ओढून घेते. वापरायच्या वेळी चाळून, धुऊन घ्यायचं.

उन्हाबद्दल एक गोष्ट फार घरांत चुकते. वाळवण संध्याकाळी उशिरा गोळा करतात. किनाऱ्यालगत दिवस कलला की हवा खारी आणि ओली होते, दिवसभराचं वाळवण तासाभरात सादळतं. चारच्या सुमारास गोळा करा, घरात परातीत तासभर निवू द्या आणि दिवेलागणीच्या आत झाकणं लावा. गरमच भरलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि तो थेंब वरच्याच थरावर पडतो. डबा उघडल्यावर फक्त वरची चार बोटं बुरसलेली दिसतात ती यामुळे.

उंबरा:
मसाल्यावर कोणीच बोललं नाही. वर्षाचा एकदम करावा की नाही?

चुलवण:
मेमध्येच करावा, पावसात मिरची वाळत नाही. पण एका मोठ्या बरणीत ठेवू नये. अर्ध्या किलोच्या काचेच्या बाटल्या, गच्च दाबून, वर हिंगाचा खडा. एक संपली की दुसरी उघडायची. भाजक्या मसाल्यात धने-खसखशीचं तेल असतं, ते हवेने खवट होतं. खोबरं घातलेला मसाला तर दोन महिन्यांच्या वर ठेवू नये.

लोणच्याला किलो कैरीला २०० ग्रॅम मीठ, खाली उतरू नका. वर तेल बोटभर उभं राहिलं पाहिजे, तेही कडकडीत तापवून पूर्ण निववलेलं. आठ दिवसांनी कैरी तेल पिऊन वर येते, तेव्हा पुन्हा तेल घालावं लागतं. बुरशी येते ती या दुसऱ्या तेलाचा विसर पडल्यामुळे.

उंबरा:
धन्यवाद चुलवण ताई. मग मीही एक मांडतो. वर्षाचं की महिन्याचं यापेक्षा ठेवायची जागा जास्त नडते. आपल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा पावसाळाभर ओल धरतो. भिंतीला टेकवलेला पत्र्याचा डबा मागच्या बाजूने गंजतो आणि त्या बाजूचं धान्य आधी बुरसतं. डबे फळीवर, भिंतीपासून चार बोटं सुटे. एका पन्नास किलोच्या पिंपापेक्षा दहा-दहा किलोचे पाच डबे बरे: चार गच्च भरलेले, बंद, एकच रोज उघडणारा. अर्धा रिकामा डबा म्हणजे किडीला हवा आणि जागा दोन्ही. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून भरल्याची तारीख लिहायची.

आणि पाहुण्यांची तयारी म्हणजे फक्त धान्य नव्हे. पंधरा गाद्या-चादरी माळ्यावरून चतुर्थीच्या आदल्या दिवशी काढल्या तर कुबट वासाने कोणाला झोप येत नाही. श्रावणातल्या उघडिपीत दोन उन्हं देऊन, कापराच्या वड्या घालून जाड प्लास्टिकमध्ये बांधाव्या. पितळेची मोठी पातेली तेव्हाच कल्हईला द्यावीत, नंतर कल्हईवाला मिळत नाही.

पाणंद:
रवा नि पोह्यांचं काय? आमच्याकडे जाळी धरते.

मागीलदार:
रवा मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, रंग न बदलता, हाताला सुटा नि हलका लागेपर्यंत भाजायचा. पूर्ण गार करून बंद बरणीत. एका वेळी दोन किलोच्या वर नको. पोहे भाजून ठेवू नका, चिवट होतात. ते महिन्याचेच आणा, गणपतीच्या पंचखाद्यासाठी लागतील ते वेगळे, शेवटच्या आठवड्यात.

कणगी:
रव्यापुरतं तुमचं महिन्याचं गणित मान्य. भाताची कणगी मात्र मी मेमध्येच भरणार, आणि ज्यांच्या घरात जागा आहे त्यांनाही तेच सांगेन. ताई, तुमच्या यादीत खडेमीठ राहिलंय. पावसात त्याला पाणी सुटतं. चिनीमातीच्या बरणीत, तळाला करवंटी उपडी घालून ठेवा, सुटलेलं पाणी खाली राहतं. पाच किलो पुरे.

मागीलदार:
मीठ यादीत घालते. करवंटी नीट किसून, शेंड्या काढून घालायची ना? नाहीतर मिठात काथ्या येतो.

कणगी:
हो. किसून, धुऊन, एक दिवस उन्हात ठेवून मग.