६० पीसी, तीन ऑफिसं: विंडोज ११ ची इमेज आणि रिमोट सपोर्ट (मदत हवी आहे)

महापेकर

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत मुख्य ऑफिस (४२ पीसी), ठाण्यात वागळे इस्टेटला ११, उरणला ७. काम कस्टम्स क्लिअरन्सचं, म्हणजे एमएस ऑफिस, टॅली आणि सही करणाऱ्यांच्या मशीनला डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन. डोमेन (सगळे पीसी एका सर्व्हरवरून सांभाळायची सोय) नाही, सगळं वर्कग्रुपवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ३५ नवे पीसी आले आहेत, सगळे एकाच मॉडेलचे, विंडोज ११ प्रो ओईएम (पीसीसोबतच आलेलं). उरलेल्या २५ मध्ये आठव्या पिढीचे किंवा नंतरचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, ते जागच्या जागी अपग्रेड करणार.

उबंटूवर फॉग बसवलंय (एका मशीनच्या डिस्कची नक्कल, म्हणजे इमेज, नेटवर्कवरून बाकीच्यांवर टाकणारं मोफत सॉफ्टवेअर). डीएचसीपी (पीसींना आयपी आणि बूटची माहिती देणारी सेवा) फायरवॉल देतो: पर्याय ६६ ला फॉगचा आयपी, ६७ ला बूटची फाइल ‘अनडीआयओन्ली.केपीएक्सई’. जुने पीसी फॉगच्या मेनूपर्यंत येतात. नवे ‘फाइल डाउनलोड झाली’ म्हणतात आणि परत बायोसमध्ये जातात. शिवाय नव्या मशीनची एनव्हीएमई डिस्क लिनक्सला दिसतच नाही.

दुसरा प्रश्न रिमोटचा. ठाणे आणि उरणला स्टॅटिक आयपी नाही, महाप्याला आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं काय घ्यावं?

वागळे_सिस्टिम्स

पहिलं दुखणं ६७ मध्येच आहे. ती फाइल लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बायोसची. नवे पीसी यूईएफआयवर (बायोसची नवी पद्धत) आहेत, त्यांना ‘एसएनपीओन्ली.ईएफआय’ लागते. जुन्यांना इमेज टाकायचीच नसेल तर ६७ बदला आणि मोकळे व्हा. दोन्ही हवे असतील आणि फायरवॉल एकच फाइल देऊ शकत असेल, तर फॉगच्याच सर्व्हरवर डीएनएसमास्क प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून (आयपी न देता फक्त बूटची फाइल सांगणारा) चालवा. तो मशीनचा प्रकार बघून फाइल देतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) इमेज टाकेपर्यंत बंद ठेवा, झाल्यावर आठवणीने चालू करा.

डिस्क दिसत नाही कारण बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड ऑन’ किंवा व्हीएमडीवर (डिस्क वेगळ्या ड्रायव्हरमागे ठेवणारी सेटिंग) असणार. ते साध्या एएचसीआय मोडवर करा, पण मास्टर मशीनवर (जिची इमेज घ्यायची ती) विंडोज टाकायच्या आधी. नंतर बदललंत तर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची स्क्रीन येईल.

इमेज कॅप्चर करण्याआधी दोन गोष्टी तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप लागू शकतं, मग फॉग अख्खी डिस्क कच्ची उचलतं आणि इमेज अवाढव्य होते. ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ बघा, एन्क्रिप्ट झालं असेल तर बंद करून पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा (‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’), नाहीतर व्हॉल्यूम अर्धवट बंद अवस्थेत राहतो आणि कॅप्चर अडतं.

इमेज सडपातळ ठेवा, हे माझं ठाम मत. विंडोज, ड्रायव्हर, अपडेट्स, बस्स. अॅक्टिव्हेट केलेली टॅली, अँटिव्हायरस, रिमोटचा एजंट (प्रत्येक पीसीवर बसणारा छोटा प्रोग्राम) यातलं काहीही आत नको. एजंटची ओळख क्लोन झाली की ३५ मशीन कन्सोलवर एकच दिसतात.

तुर्भे_लॅन

मल्टिकास्टबद्दल (एकच इमेज एकाच वेळी अनेक पीसींना पाठवणं) थोडं. समजा इमेज २२ जीबी आहे. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतं. दहा पीसींना वेगवेगळी पाठवलीत तर २२० जीबी, म्हणजे तारेवरचाच वेळ ३५ मिनिटांच्या घरात. मल्टिकास्टमध्ये तोच डेटा एकदाच जातो. मात्र गटातला एक जरी पोर्ट खराब केबलमुळे १०० एमबीपीएसवर आला, तरी सगळा गट त्याच्या चालीने चालतो. स्विचवर पोर्टचा वेग बघूनच सुरू करा. पीएक्सईला (नेटवर्कवरून बूट) आयपीच मिळत नसेल तर स्पॅनिंग ट्रीमुळे (स्विचची लूप टाळणारी तपासणी) पोर्ट अर्धा मिनिट अडून राहतो. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याची सेटिंग) लावा.

लायसन्सचंही बघा. ओईएम विंडोजला स्वतःची इमेज टाकायचा हक्क मिळत नाही. त्याच आवृत्तीचं किमान एक व्हॉल्यूम लायसन्स (कंपन्यांना घाऊक मिळणारं) घ्यावं लागतं आणि इमेज व्हॉल्यूमच्या मीडियावरूनच बनवायची.

महापेकर

दोघांचेही आभार. ‘एसएनपीओन्ली’ टाकल्यावर मेनू आला, एएचसीआयवर डिस्कही दिसली. व्हॉल्यूम लायसन्सचं कोटेशन मागवलंय. आता चाचणीच्या मास्टरवर सिसप्रेप (इमेज घेण्याआधी मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) थांबतंय. लॉगमध्ये लिहिलंय की एक अॅप एका युजरसाठी इन्स्टॉल आहे, पण सगळ्यांसाठी प्रोव्हिजन केलेलं नाही.

वागळे_सिस्टिम्स

इंटरनेट चालू असताना स्टोअरने मागच्या मागे अॅप अपडेट केलंय. लॉगमध्ये त्या पॅकेजचं नाव असेल, ते पॉवरशेलमधून ‘रिमूव्ह-अॅपएक्सपॅकेज’ने काढा. एक काढलं की बहुतेक वेळा दुसरं अडतं, म्हणून नव्याने बनवणं सोपं: पहिल्या स्क्रीनवर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये (युजर न बनवता मशीन तयार करायची सोय) जा, लॅन केबल काढलेली, अपडेट पेनड्राइव्हवरून.

इमेजनंतरची कामं ‘सेटअपकम्प्लीट.सीएमडी’मध्ये ठेवू नका. ओईएम की असलेल्या प्रो मशीनवर ती फाइल चालतच नाही, आणि एररही येत नाही. तीच कामं अनअटेंड फाइलच्या (सेटअपची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) पहिल्या लॉगिनच्या कमांडमध्ये घाला.

उरण_सपोर्ट

रिमोटसाठी मेशसेंट्रल, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर. सर्व्हर महाप्याला, बाहेरून पोर्ट ४४३ उघडा. शाखांमधले एजंट आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे तिथे स्टॅटिक आयपी किंवा पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही. एजंटला आयपी देऊ नका, डोमेन नाव द्या. नाहीतर उद्या ब्रॉडबँड बदललं की साठही मशीन हातची जातील. ‘मेशसेंट्रल-डेटा’ फोल्डरचा बॅकअप रोज दुसऱ्या मशीनवर. अॅडमिन लॉगिनला दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची.

वेक ऑन लॅनचं (बंद पीसी नेटवर्कवरून चालू करणारं) पॅकेट एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाही, म्हणून प्रत्येक शाखेत एक पीसी कायम चालू ठेवा. मेशसेंट्रल त्याच्याकरवी बाकीच्यांना उठवतं. बायोसमध्ये डीप स्लीप बंद असायला हवं.

डीएससीच्या मशीनवर आरडीपी (विंडोजचं रिमोट डेस्कटॉप) वापरू नका. त्या सेशनमध्ये पलीकडच्या पीसीला लावलेलं टोकन दिसत नाही, आणि लोक तासभर ड्रायव्हर बदलत बसतात. मेशसेंट्रलचा डेस्कटॉप चालू स्क्रीनच दाखवतो, तिथे टोकन दिसतं. पिन मात्र ज्याची सही आहे त्यानेच टाकायचा.

सॉफ्टवेअर पाठवताना विंगेट (विंडोजचं कमांडने इन्स्टॉल करायचं साधन) लगेच चालेल असं धरू नका. एजंटच्या कमांड सिस्टिम अकाउंटवर चालतात आणि त्याला विंगेट सापडत नाही. एमएसआय इन्स्टॉलर ‘/क्यूएन’ने (स्क्रीनवर काही न दाखवता) टाका. ३०१० कोड आला तर इन्स्टॉल झालंय, फक्त रीस्टार्ट बाकी. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा.