ममईचा दगड आणि आपण: खान्देशातल्यांनो, आपापले अनुभव सांगा

माझी आजी शेवटपर्यंत मुंबईला ममईच म्हणायची. आयुष्यात एकदाच गेलेली, एरंडोलहून म्हसावद स्टेशनपर्यंत बैलगाडी आणि तिथून पॅसेंजर. परत आल्यावर गावातल्या बाया समुद्राचं विचारायच्या आणि आजी सांगायची बोरीबंदरचं, म्हणजे आजच्या सीएसएमटी स्टेशनचं. "एवढं मोठं देऊळ शे, मझार (आत) देवच नही, नुस्ती तिकिटं." तिकीटघराच्या छताला निळ्यावर सोनेरी चांदण्या आहेत, त्या तिने मान वर करकरून पाहिल्या होत्या म्हणे, आजोबा गर्दीत पुढे निघून गेले तरी तिला पत्ता नव्हता.

हे लिहायला बसलो कारण परवा कुणीतरी म्हटलं की मुंबईचा वारसा मुंबईकरांनी बघावा, आपल्याला काय त्याचं. मला हे अजिबात पटत नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खान्देश-वऱ्हाडचा माल आधी बैलगाड्यांनी आणि मग रेल्वेने मुंबईच्या बंदरात जायचा. त्याच चार-पाच वर्षांत तिथे पैशाचा पूर आला, किल्ल्याची तटबंदी पाडली, नवीन शहर आखलं. राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद कापसाच्याच व्यापारातले. म्हणजे त्या दगडात आपल्या काळ्या मातीचं काहीतरी आहेच ना भो. म्हणून विचारतो, मुंबईतली कोणती भिंत, कोणता जिना, कोणती खोली तुमच्या लक्षात राहिली? दोन ओळी लिहा नाहीतर दोन पानं, पण स्वतःचं लिहा. आलेली उत्तरं खाली गावाच्या नावाने लावलीत.

भुसावळ

आमच्या घरी तीन पिढ्या रेल्वेत. वडील गार्ड होते. तुम्ही बोरीबंदरच्या इमारतीला वारसा म्हणता, आमच्यासाठी ते हेड ऑफिस, बढती बदली सगळं तिथून यायचं. पहिल्यांदा पास काढून गेलो तेव्हा मी सातवीत. वडिलांनी गेटवरचे दोन प्राणी दाखवले, एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला असं त्यांनी सांगितलं आणि मी तेव्हा वाघाच्याच बाजूला उभा राहून फोटो काढला. नंतर कामानिमित्त आत जायला मिळालं. घुमटाखालचा जिना बघाच कधी, पायऱ्या भिंतीतून बाहेर आलेल्या आणि दुसरं टोक अधांतरी, खाली खांब नाही काही नाही, आणि शंभरावर वर्षं माणसं त्यावरून चढउतार करतायत. स्टीव्हन्स नावाच्या इंजिनिअरने केलं हे, १८७८ ला सुरुवात आणि १८८८ ला पूर्ण. कोरीवकाम जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं, ग्रिफिथ्स सरांच्या हाताखाली. आणि हेच ग्रिफिथ्स त्याच काळात मुलांना घेऊन अजिंठ्याला येऊन चित्रांच्या नकला करत होते, आपल्या उशाला! त्यांच्या आधी नकला केल्या मेजर रॉबर्ट गिलने, त्याची कबर आमच्या भुसावळातच आहे. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

अजून एक, परतीला गाडी कसाऱ्याला थांबली की मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात आणि गाडी ढकलत इगतपुरीला चढवतात. ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे तो, १८६५ पासून चालू आहे. तो धक्का बसला की माझ्या आईला हायसं वाटायचं, म्हणायची चला आता आपल्याकडे निघालो.

नंदुरबार

आम्हा लोकांची मुंबई सुरतवरून येते, त्यामुळे बोरीबंदर मी नोकरी लागेपर्यंत पाहिलंच नव्हतं. आमचं दार म्हणजे मुंबई सेंट्रल, १९३० चं, क्लॉड बॅटलीने केलेलं. साधं, सरळ, नक्षी फार नाही. त्याचं कुणी कौतुक करत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. रात्री अकराला उतरलो होतो, खिशात दीडशे रुपये, सकाळपर्यंत तिथेच बसलो आणि कुणीही उठ म्हणालं नाही.

पारोळा (बाबा सांगतायत, मी टाइप करतेय)

बाबा गवंडी. आजोबाही गवंडी. बाबा १२ वर्षं मुंबईत होते, त्यातली चार फोर्टात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर. ते म्हणतात आधी दगड ओळखायला शिका. एक काळा-निळसर, आपल्या विहिरीला लागतो तसाच, छिन्नी उडवतो. मालाडचा पिवळसर. आणि नक्षीचं बहुतेक काम पोरबंदरच्या दगडात, तो छिन्नीखाली लोण्यासारखा जातो म्हणून त्यात पानंफुलं, माकडं, मोर जे पाहिजे ते निघतं. पण मऊ आहे तेवढाच हळवा पण आहे, समुद्राचा खारा वारा आणि गाड्यांचा धूर त्याला खातो.

बाबांना पहिल्या दिवशी मुकादमाने एका भिंतीपुढे उभं केलं आणि सांगितलं दोन दगडांच्या मधे नख घालून दाखव. गेलं नाही. बाबा म्हणतात मी अख्ख्या भिंतीवरून हात फिरवला, ओळंबा लावून बघितला, सुताचाही फरक नाही, आणि मला आपल्या बापाची आठवण आली कारण तो पण असाच सांधा घ्यायचा, त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही आणि ह्यांचंही नाही.

जुनं सगळं बांधकाम चुन्याचं. चुना खड्ड्यात महिनाभर भिजत ठेवायचा, मग चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. तो भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल आत गेली तशी बाहेर येते. एका कामावर (नाव नको लिहू म्हणतात) ठेकेदाराने घाई केली आणि सांध्यात सिमेंट भरायला लावलं. बाबांनी सांगून पाहिलं, ऐकलं नाही. दोन पावसाळ्यात दगडाची पापडी निघायला लागली, सिमेंट तसंच धडधाकट आणि शेजारचा दगड भुगा. ओल कोंडली की ती दगडातून वाट काढते. बाबा ते काम सोडून आले. आत्ता पण हे सांगताना त्यांचा आवाज चढला, मी चहा ठेवला मधे.

ते म्हणतायत अजून एक लिही, आपल्या गावातल्या किल्ल्याला, वाड्याला पण कुणी सिमेंट फासत असेल तर थांबवा.

धुळे

माझे मोठे काका प्रताप मिलमधलं काम शिकून लालबागला गेले. राहायला डिलाईल रोडची (आताचा ना. म. जोशी मार्ग) बीडीडी चाळ, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली. या चाळी १९२० नंतरच्या, वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग मिळून २०७ इमारती होत्या, एका मजल्यावर २० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत काकांसकट बारा जण. पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की त्याच्याच गोधडीवर दुसरा. जेवण खानावळीत. मी सुट्टीत गेलो की मला गॅलरीत जागा, आणि मला ती आवडायची कारण गॅलरी म्हणजे आपला ओटाच. आपल्याकडे धाब्याच्या घरापुढे ओट्यावर कसे सगळे संध्याकाळी बसतात, येणाराजाणारा "जिभाऊ कथा चालनात" (कुठे चाललात) विचारतो, तसंच तिथे पण, फक्त ओटा तिसऱ्या मजल्यावर. काकू नंतर गेल्या राहायला. पहिल्या दिवशी खोली बघून म्हणाल्या "हाई घर शे का पेटी?" आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या (पापड) घालत होत्या, कोकणातल्या बाया मदतीला, आणि त्यांच्याकडून ह्या सोलकढी शिकल्या.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार. काका दीड वर्ष थांबले, आज मिटेल उद्या मिटेल, काकूंची पोत गेली, मग घरी आले. पुढे शेतात काम केलं पण रोज सकाळी पाळीच्या वेळेला उठून बसायचे, भोंगा नाही काही नाही तरी. मागच्या वर्षी मी त्या बाजूला गेलो. मिलच्या जागी टॉवर, एका ठिकाणी फक्त चिमणी उभी. चिमणीच्या पायाशी उभं राहून मी काकांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो काही बोलला नाही बराच वेळ.

कल्याण (माहेर चाळीसगाव)

मी ३१ वर्षं फोर्टात नोकरी केली, कल्याणहून लोकल. आमच्या इकडे खान्देशी माणसं एवढी आहेत की श्रावणात कानबाई (आपली खान्देशातली देवी) बसते तेव्हा गल्लीत अहिराणीशिवाय काही ऐकू येत नाही. सकाळी सीएसएमटीला उतरून मी एक मिनिट तरी वर बघायचे. दादा, तुमच्या आजीने पाहिल्या त्या चांदण्या मी पण रोज पाहिल्या, आणि रिटायर झाले त्या दिवशी त्यांच्याखाली उभी राहून रडले. मैत्रिणींनी सामोसे आणले होते.

(अक्का, हे आजीला वाचून दाखवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.)

जळगाव, सध्या मुंबईत आर्किटेक्चर शिकतोय

सगळे गॉथिकचंच, म्हणजे टोकदार कमानींच्या दगडी इमारतींचंच, लिहितायत म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहितो. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहा. पूर्वेला टोकदार कमानी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळं १९ व्या शतकातलं. मग पाठ फिरवा, पश्चिमेला १९३० नंतरच्या आर्ट डेको बिल्डिंगा, गोल कोपरे, खिडकीवर छज्जे, सिमेंटमधल्या पट्ट्या. मधे नुसतं मैदान आणि क्रिकेट. २०१८ ला युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून वारसा यादीत घेतल्या, ९४ इमारती. स्टेशन त्याच्या आधीच, २००४ ला.

आणि मला जे कळलं ते असं की ही डेको तर मी लहानपणापासून बघतोय! जळगावात, अमळनेरात जुन्या पेठांमधे जा, व्यापाऱ्यांची घरं आहेत, गोल बाल्कनी, त्यावर तीन आडव्या पट्ट्या, वर सिमेंटमधे वर्ष कोरलेलं. मुंबईला जाऊन आलेल्या कुणीतरी बघून आपल्या गवंड्याकडून करून घेतलं असणार. मी आता सुट्टीत आलो की टेप घेऊन फिरतो, मोजमाप घेतो, रेघारेघांची चित्रं काढतो. लोक आधी विचारतात घर पाडायला आला का रे, मग आत बोलावून चहा देतात. माझ्या मोजलेल्या नऊ घरांपैकी दोन गेल्या वर्षात पाडली. पारोळ्याच्या बाबांना भेटायचंय मला, कधी येऊ सांगा.

(बाबा म्हणतायत रविवारी ये, जेवायलाच ये, भरीत-कळण्याची भाकरी आहे.)

साक्री

आम्ही दरवर्षी ६ डिसेंबरला जातो, आई गेली तेव्हापासून मी मुलांना नेतो. चैत्यभूमीची रांग झाली की लोक राजगृह बघायला जातात, आम्ही परळला पण जातो. बीआयटी चाळ, खोली नंबर ५० आणि ५१. बाबासाहेब १९१२ ते १९३४ तिथे राहिले. २२ वर्षं! या चाळी १८९६ च्या प्लेगनंतर बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने (म्हणून बीआयटी) बांधल्या, कामगारांसाठी. लाकडी कठडा, लांब व्हरांडा, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. माझी मुलगी दहा वर्षांची, ती एका पायरीवर बसली आणि हाताने तो खोलगट भाग चाचपत म्हणाली, यात त्यांची पण पावलं असतील ना. मी हो म्हटलं. मग ती उठली आणि प्रत्येक पायरीवर मधेच पाय ठेवत वर गेली. राजगृहात पुस्तकांचं वैभव आहे, पण पोरांना अभ्यासाचं सांगायचं तर मी परळचीच खोली दाखवतो.

जामनेर

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आईची ट्रीटमेंट परळला चालू होती, २०१४. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. दोन केमोच्या मधले दिवस आईला जात नव्हते, ती शेतकरीण, बसून राहायची सवय नाही. एक दिवस बरं वाटत होतं तर टॅक्सीने भायखळ्याला नेलं, राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड म्युझियम. १८७२ चं आहे, मधे फार वाईट अवस्था झाली होती आणि नंतर नीट दुरुस्त केलं, आत हिरवे खांब आणि त्यावर सोनेरी काम. आई दारातच थांबली, चपला काढू का म्हणाली.

आत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, वेगवेगळे धंदे करणारी माणसं, कुठला शेतकरी, कुठली दळणारी बाई. आईने एकेक कपाट बघितलं, तासभर. एका बाईचा पदर तिने मला दाखवला, बघ, कामाला बसताना आपण खोचतो तसाच खोचलाय. केस गेलेले म्हणून तिने डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता, तो तेवढ्यात कधी खांद्यावर आला तिला कळलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही.

बाहेर आवारात मोठा दगडी हत्ती आहे, घारापुरीहून आणलेला, ज्याच्यावरून इंग्रजी नाव एलिफंटा पडलं तोच. त्याचे तुकडे झाले होते, इथे जोडून उभा केलाय. आई त्याच्या सावलीत बसली. पोळ्याचा दिवस होता, गावाकडे बैल सजले असणार. पर्समधे हळदीकुंकवाची डबी होती ती तिने काढली, मी म्हटलं आई इथे लावायचं नसतं, जुना दगड आहे. "हो का" म्हणाली, डबी परत ठेवली आणि दोन्ही हात जोडून हत्तीला नमस्कार केला, तसाच जसा ती गोठ्यात करायची.