पेप्टाइडचे विषाणूरोधक कोटिंग दवाखान्यात लावावे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. म्हापशात माझ्या वहिनीचा लहान मुलांचा छोटा दवाखाना आहे. हिशेब आणि किरकोळ डागडुजी माझ्याकडे. गेल्या आठवड्यात एक विक्रेता येऊन गेला. दाराच्या मुठी, खुर्च्यांचे हात, काउंटर यांवर पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनासारख्या छोट्या साखळीचे, द्रावण फवारायचे, रेणू आपोआप एकमेकांना धरून थर तयार करतात, 99.9 टक्के विषाणू खलास, वर्षभर बघायला नको! भाव ऐकून वहिनी पुढचा पेशंट बघायला आत निघून गेली.

वाचून पाहिले, तर सगळीच थाप नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मेइटल रेचेस यांच्या गटाने 2014 मध्ये तीन अमिनो आम्लांचा असा पेप्टाइड दाखवला होता. त्याची पकड डोपा या घटकामुळे, आणि डोपा शिणाण्यांच्या, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या, धाग्यांतही असतो. हणजूणच्या खडकांवरून शिणाण्या ओढताना माझी बोटे सोलवटली आहेत, त्यामुळे पकडीबद्दल शंका नाही. पण तो थर जिवाणूंना चिकटू न देण्यासाठी होता. विषाणू निकामी करणे वेगळे.

माझी खरी अडचण ब्लीच. आम्ही दिवसातून दोनदा ब्लीचच्या पाण्याने पुसतो, पोर ओकले तर लगेच. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला मेदाचे आवरण नसते, सॅनिटायझर त्याच्यावर लंगडा पडतो, म्हणून ब्लीच सोडता येत नाही. त्या माऱ्यात हा थर किती दिवस टिकेल? कोणी लावून पाहिलाय?

प्रतिसाद
ब्लीच प्रथिनांना फोडते आणि डोपाचे ऑक्सिडीकरणही करते, तेव्हा ‘वर्षभर’ विसरा. 99.9 टक्के किती वेळाने, ते विचारलेत? आयएसओ 21702 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत विषाणूचा द्रव फिल्मखाली झाकून 25 अंशांवर 24 तास ठेवतात. तुमच्या मुठीला दर दोन मिनिटांनी नवा हात लागतो! अहवाल मागा. चाचणी कुठल्या विषाणूवर झाली, पुसण्याआधी की नंतर, हे त्यात बघा.

धागाकर्ता
हे डोक्यातच आले नव्हते, आभारी आहे. अहवाल मागवतो. वहिनी म्हणते, त्यापेक्षा तांब्याच्या मुठी बसवू. 2020 च्या प्रयोगात कोरोना विषाणू प्लास्टिकवर 72 तासांपर्यंत सापडला, तांब्यावर चार तासांनंतर नाही. पण आपल्या खाऱ्या हवेत त्या हिरव्या पडणार, आणि घासायला मीच. कोणाकडे आहेत का?