जर्नल बंद करू नका

लिनक्सच्या लॅपटॉपवर जर्नलमुळे (डिस्कवरचे बदल आधी टिपून ठेवणारी नोंदवही) एसएसडी लवकर झिजते, म्हणून जर्नल नसलेली ईएक्सटी-२ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) वापरा, असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो काही पटला नाही. जर्नल असलेली ईएक्सटी-४ नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नलात फक्त मेटाडेटा (फायलींची नावं, आकार, जागा अशी माहिती) लिहिते, फायलीतला मजकूर नाही. आजच्या ड्राइव्हला तेवढं लिखाण किरकोळ आहे. उलट जर्नल नसेल तर वीज गेल्यावर अख्खं पार्टिशन तपासून होईपर्यंत बसून राहा. आणि वीज काय सांगून जाते का!

सॅमसंगची एफटूएफएस ही फाइल सिस्टिम २०१३ पासून, म्हणजे आवृत्ती ३.८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे. ती फ्लॅश मेमरीसाठीच (एसएसडी, मोबाइलमधली चिप) बनवलीय हे खरं, पण एसएसडीचा कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटायचं काम स्वतःच करतो. मोबाइलमध्ये ती शोभते, लॅपटॉपवर मी ईएक्सटी-४च घेईन. स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) हवेच असतील तर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम.

त्यापेक्षा ट्रिमकडे बघा, म्हणजे कोणते ब्लॉक रिकामे झाले हे ड्राइव्हला कळवणाऱ्या आदेशाकडे. उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) हा आदेश देणारं एफएसट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप चालतं. पण डिस्क लक्सने (लिनक्सची एन्क्रिप्शन पद्धत) एन्क्रिप्ट केली असेल, तर क्रिप्टटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिस्कार्ड' लिहिलंय ना, ते तपासा. नसेल तर ट्रिमचा आदेश सहसा ड्राइव्हपर्यंत पोचतच नाही. ('डिस्कार्ड' दिल्यावर रिकामे ब्लॉक कोणते हे बाहेरून कळू शकतं, घरच्या लॅपटॉपला चालतंय.)