एल्डर स्क्रोल्स ६: आशा ठेवायची का?

राजारामपुरीकर: भावांनो, एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेतला पाचवा भाग स्कायरिम, २०११ चा. सहाव्याचा टीझर, म्हणजे छोटी झलक, आला २०१८ ला; त्यात डोंगर, समुद्र आणि नाव, बास! पन्हाळ्याला सज्जाकोठीतनं खाली बघितलं की वाटतं, ती पायवाट कुठं जात असेल? स्कायरिममध्ये रिव्हरवूड गावातनं डोंगरावरच्या ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्याकडं चढताना मला अगदी तसंच झालेलं. हळूहळू बर्फ लागतो, मधेच पडका बुरूज. कुणी पाठवलं नव्हतं तिकडं. नव्या गेममध्ये हे राहील का? त्याच कंपनीच्या स्टारफिल्ड गेमनंतर लय धाकधूक वाटतीय.

रंकाळाकाठ: माझी भीती तीच. २०२३ ला स्टारफिल्डमध्ये हजारावर ग्रह दिले, पण उतरायचं की लोडिंग, म्हणजे गेम थांबून पुढचा भाग उघडायची वाट बघा. चालत जायची मजाच गेली. मला नकाशा लहान चालतोय, हातानं रचलेला पाहिजे.

शाहूपुरी_गेमर: पण तिथं ग्रह होते दादा, इथं एकसंध जमीन असणार. म्हणून मला आशा आहे. फक्त स्कायरिममध्ये व्हाइटरन शहराच्या वेशीवर लोडिंग लागायचं, तेवढं या वेळी नको.

राजारामपुरीकर: वेशीचं पटलं. आणि मॉडची, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः गेममध्ये बदल करायची, साधनं पहिल्या दिवसापासनं द्यावीत. स्कायरिम एवढी वर्षं जिवंत राहिलं ते मॉडवाल्या पोरांमुळंच.